विनाकारण माउंडवर

विल्बर, नेब्रास्का
११ नोव्हेंबर २०२३

प्रिय एलिसेओ,

पाकिटावर माझं नाव दिसलं तर तू ते न उघडताच फेकून देशील, असं आमची डोरीन म्हणाली. म्हणून पाकिटावर तिचं नाव घातलंय. एकतीस वर्षं बेसबॉलचा अंपायर म्हणून काढली, तेवढी चलाखी अंगात उरतेच.

फोन केला असता, पण उजव्या कानाने आता काही ऐकू येत नाही आणि डाव्याने निवडक येतं. मी आंधळा आहे हे तू भर मैदानात चार हजार माणसांना ओरडून सांगितलं होतंस. आता बहिराही झालो, म्हणजे तुझ्या दृष्टीने माझी प्रगतीच आहे.

मुद्द्यावर येतो. आपल्या हाय प्लेन्स लीगने नियम सुधारायला समिती नेमली आहे. खेळ लांबतो, लोक सातव्या डावातच गाड्या काढून घरी जातात, तेव्हा हा खेळ वाचवायचा कसा हे पाच जणांनी ठरवायचं. जुन्या अंपायरांतर्फे मी, मॅनेजरांतर्फे तू. मला का घेतलं म्हणशील, तर बाकीचे जुने अंपायर एक तर वारले, नाही तर फ्लोरिडाला गेले.

मी उत्साहाने सतरा सूचना लिहून काढल्या. भांडायला मैदानात येणाऱ्या मॅनेजरने पोट आत घेऊन यावं. एकच शिवी एका सामन्यात दोनदा वापरू नये. जो बॅटर दर बॉलनंतर हातातले ग्लोव्ह सोडून पुन्हा बांधतो, त्याचे ग्लोव्ह त्याच्या आईने येऊन बांधावेत. डोरीनने यादी वाचली आणि म्हणाली, "यातल्या बारा तर एकट्या एलिसेओवर आहेत."

अठरावी सूचना मात्र माझी नाही. पुढच्या मोसमापासून बॉल की स्ट्राइक हे बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या प्लेटमागे उभा असलेला अंपायर सांगणार नाही, कॅमेरे लावलेलं मशीन सांगणार. मग दोन अंपायर कशाला, एकच पुरे. ज्याची नोकरी सगळ्यात नवी, तो घरी जाणार. सगळ्यात नवी नोकरी आमच्या लिबीची आहे. पोरगी एकतीस वर्षांची आहे, तिचा हा तिसरा मोसम झाला, आणि ती माझ्यापेक्षा चांगली अंपायर आहे. हे वाक्य तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

मुलगी लीगमध्ये असल्यामुळे समितीत मला तोंड आहे, मत नाही. उरले चार. दोन क्लबमालक मशीनच्या बाजूने. स्कोअर लिहिणारा ओडेल विरुद्ध. चौथा तू. तू विरुद्ध गेलास तर दोन-दोन होतील, आणि बरोबरी झाली तर जुना नियम कायम राहतो. बैठक दहा फेब्रुवारीला आहे.

मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते मला नीट येत नाही. पण हे मागणंच आहे असं समज.

तुझा,
वर्लिन हॅव्हलिक


प्वेब्लो, कोलोरॅडो
२४ नोव्हेंबर २०२३

आंधळ्या वर्लिनला,

डोरीनचं नाव बघून पाकीट आनंदाने फोडलं आणि आत तू निघालास. जन्मभर हेच करत आलास. माणसाला वाटतं एक, आणि तू देतोस भलतंच.

समितीचं पत्र मलाही आलंय. लीगमध्ये सगळ्यात जास्त वेळा मैदानाबाहेर हाकलला गेलेला मॅनेजर मीच आहे. नियम याच्याइतके जवळून कुणी पाहिले नसतील, असं त्यांना वाटलं असणार. लिबी चांगली आहे हे मला सांगू नकोस. जुलैत तिने मला तिसऱ्याच डावात घरी पाठवलं. मी फक्त तिच्या वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली होती.

मत देईन. पण आधी एक ओळ लिहून दे आणि खाली सही कर: "१७ ऑगस्ट १९८६ चा तो शेवटचा बॉल स्ट्राइक होता." बस्स, एवढंच.

तुझं वय झालंय, म्हणून आठवण करून देतो. रविवारची दुपार. नववा डाव, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट. बॅटरचे तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा प्लेटवरून गेला तर स्ट्राइक, बॅटर बाद, आम्ही जिवंत. बाहेरून गेला तर चौथा बॉल, बॅटर चालत पहिल्या बेसवर, तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरी, म्हणजे त्यांची एक धाव, आणि सामना गेला. कॅचर मी. पिचरने टाकला, प्लेटच्या कडेवरून येऊन माझ्या ग्लोव्हमध्ये बसला. ग्लोव्ह हललासुद्धा नाही. आणि तुझा हात उठला नाही! बस चुकलेल्या माणसासारखा नुसता उभा राहिलास.

मग मी बोललो ते बोललो. छातीने ढकललं, तेही खरं. दहा दिवसांची बंदी आली. चौथ्या दिवशी मोठ्या लीगमधल्या आमच्या क्लबच्या कॅचरचा अंगठा मोडला, आणि मला बोलवायचं ते त्यांनी आमच्याच संघातल्या दुसऱ्या कॅचरला, वेंडेल प्रुइटला, बोलावलं. वेंडेल तिथे सहा वर्षं खेळला. मोठ्या लीगचं मैदान मी पाहिलं ते प्रेक्षकांत बसून.

दर मोसमाच्या पहिल्या दिवशी मी ही गोष्ट नव्या पोरांना सांगतो. आमच्या ऑरोराला ती पाठ आहे, नातवंडांना पाठ आहे. हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवलाय, एक दिवस तुझी कबुली चौकटीत घालून तिथे लावीन म्हणून. त्या खिळ्याला कॅलेंडरसुद्धा लावू देत नाही कुणाला.

लोभ कधी नव्हताच, तो तसाच असू द्यावा.

एलिसेओ आर्चुलेटा


विल्बर
५ डिसेंबर २०२३

एलिसेओ,

बाहेर होता.

एकतीस वर्षांत एकही निर्णय मागे घेतला नाही. संसारातही नाही, विचार डोरीनला. बापाने आपल्या नोकरीसाठी खोटी सही केली हे लिबीला कळलं तर ती मला माझ्याच घरातून हाकलेल.

माझ्या यादीत भर घातली आहे: जुन्या सामन्याबद्दल तोंड उघडणाऱ्या मॅनेजरला दर वेळी मैदानाला एक फेरी. तुझं वजन महिन्यात उतरेल.

डोरीनने कोलाचे पाठवलेत, जर्दाळू भरलेले ते गोड पाव. ते तुझ्यासाठी नाहीत, ऑरोरासाठी आहेत.

वर्लिन


विल्बर
२८ डिसेंबर २०२३

प्रिय एलिसेओ,

तुझं उत्तर आलं नाही. माझं पत्र उत्तर देण्यासारखं नव्हतंच.

नाताळला लिबी घरी आली होती. जेवताना डोरीनने विचारलं, "कपाळावर ही खूण कसली गं?"

"काही नाही आई. ऑगस्टमध्ये एक फाउल बॅटला घासून सरळ मास्कवर आला. मला दोन पिचर दिसायला लागले. मग मी डावीकडच्यावर विश्वास ठेवला." असं म्हणून हसली.

मी म्हटलं, "आणि कॅचर माउंडवर गेला नाही?"

"माउंडवर? कशाला जाईल बाबा तो?"

एलिसेओ, तिला माहीतच नाही. तीन मोसम ती प्लेटमागे उभी राहतेय आणि तिच्यासाठी एकदाही कुणी गेलेलं नाही.

तुला हे सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाहीये. अंपायरने स्वतःसाठी वेळ मागायचा नसतो. मागितला की लोक म्हणणार, याला दिसेनासं झालं. म्हणून अंपायरला बॉल लागला की कॅचर काहीतरी निमित्त काढून उठतो, रमतगमत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जातो, पिचरशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. तेवढ्यात अंपायरचं डोकं ठिकाणावर येतं. आणि कॅचरला लागलं की अंपायर पुढे येऊन स्वच्छ प्लेट ब्रशने पुसत बसतो. कोणत्याही नियमपुस्तकात हे नाही. कुणी आभार मानत नाही. मी तुझ्यासाठी कितीदा पुसली असेल! मनात शिव्या देत पुसली, पण पुसली.

आता पिचरच्या डोक्यावर घड्याळ आलं. अठरा सेकंदांत बॉल टाकायचा. पोरांना उठायची फुरसत नाही आणि ती रीत त्यांना कुणी शिकवलेली नाही.

त्या रविवारचा शेवटून दुसरा बॉल तुला आठवतो? तो फाउल होता. माझ्या मास्कवर बसला. कानात चर्चच्या घंटा वाजायला लागल्या, गुडघे गेले. तू उठशील म्हणून मी वाट पाहिली. तू उठला नाहीस. पुढचा बॉल आला, आणि तो मी पाहिलाच नाही. हात उठला नाही, कारण हात कुठे आहे तेच मला कळत नव्हतं. मग तू ओरडायला लागलास, काहीतरी म्हणणं भाग होतं, म्हणून म्हणालो, "बाहेर." तेव्हापासून सदतीस वर्षं तेच म्हणतोय. लीगला, डोरीनला, दाढी करताना आरशालाही.

तुझं आयुष्य मी न पाहता ठरवलं. मला त्याची लाज वाटते.

सोबत कागद जोडलाय. स्ट्राइक होता असं लिहिता येत नाही, कारण ते मला माहीत नाही. "मी तो बॉल पाहिला नाही" असं लिहून सही केली आहे. तुझ्या खिळ्याला चालत असेल तर लाव. मताची आणि याची गाठ घालू नकोस. त्या दिवशी मशीन असतं तर तू मोठ्या लीगमध्ये गेला असतास, हे मलाही कळतं.

वर्लिन


प्वेब्लो
३० जानेवारी २०२४

वर्लिन,

तुझा कागद येऊन महिना होत आला. अजून पाकिटातच आहे. ऑरोराने हौसेने चौकट आणली. मी म्हटलं, मापाची नाही. दुसरी आणली. म्हटलं, रंग बरा नाही. चाळीस वर्षं कॅचरबरोबर संसार केलेली बाई आहे ती. समोर येऊन बसली आणि म्हणाली, "तू काय लपवतोयस?"

बॉल बाहेर होता.

चांगला पंजाभर बाहेर. माझ्याच ग्लोव्हमध्ये आला होता, मला कळणार नाही तर कुणाला? बाहेर पकडला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने आत ओढला. कॅचरची सगळी कला त्यातच असते. पहिलं वर्षभर मला नीट आठवत होतं की बाहेर होता. पाचेक वर्षांनी तो कडेवर आला. हल्ली नातवंडांना सांगतो तेव्हा प्लेटच्या मधोमध असतो.

म्हणजे तू न बघता बरोबर सांगितलंस आणि मी बघून सदतीस वर्षं खोटं बोललो. याहून मोठा गाढव लीगमध्ये असेल तर त्याला समितीवर घ्या, मी राजीनामा देतो.

इथवर हसता येतं. पुढचं हसण्यासारखं नाही. तुला लागलेलं मला कळलं होतं. तुझे बूट मागे घसरले, तो आवाज मी ऐकला. मी अर्धा उठलोही होतो. मग मनात आलं, याला आता काही दिसत नाहीये, ग्लोव्ह दाखवीन तिथे हा हात वर करील. वर मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला बसला होता. मी परत खाली बसलो.

तू माझं आयुष्य ठरवलं नाहीस. मीच ठरवलं, आणि डाव अंगाशी आल्यावर तुझ्या नावाने बोंब मारत राहिलो. तुला भर मैदानात आंधळा म्हटलं, तेव्हा तू आंधळा का झालायस हे जगात फक्त मला माहीत होतं. वाईट केलं मी, वर्लिन.

म्हणून मशीनलाच मत द्यावं असं वाटतंय. माझ्यासारख्याला मशीन फसणार नाही. लिबीसाठी जीव तुटतो, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

तुझा कागद परत पाठवतोय. मला तो लावायचा हक्क नाही.

एलिसेओ


विल्बर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय एलिसेओ,

तुझं पत्र डोरीनने मला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनीही ऐकलं. "बॉल बाहेर होता" या ओळीला मी इतका हसलो की चष्मा कॉफीत पडला. एकतीस वर्षांतला माझा सगळ्यात गाजलेला निर्णय मी शुद्धीवर नसताना दिला, आणि नेमका तोच बरोबर निघाला! शुद्धीवर असताना दिलेल्या बाकीच्यांचं काय, हा विचार आता करायचा नाही असं ठरवलंय. हसून झाल्यावर जरा रडलो. ते डोरीनने शेजाऱ्यांना सांगितलं नाही.

मत तुझं आहे, त्यावर शब्द काढणार नाही. एकच सांगतो. तू चुकलास ते बॉल आत ओढताना नाही. परत खाली बसलास तेव्हा चुकलास. त्यावर मशीनचा इलाज नाही.

एकोणिसावी सूचना घातली आहे: अंपायरला बॉल लागला तर घड्याळ थांबवावं आणि कॅचरने माउंडवर जावं. एका मालकाने फोन करून विचारलं, "यात खेळाचा फायदा काय?" मी ऐकू येत नसल्याचं नाटक केलं.

वर्लिन


विल्बर
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय एलिसेओ,

शनिवारच्या बैठकीत मी मध्येच दिसेनासा झालो, त्याचा खुलासा. कॉम्प्युटरवर पाच चौकोन, पाच म्हातारे, आणि एकाचंही बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मशीनच्या बाजूने हात वर करा असं म्हणाले असावेत. तुझा हात वर गेला. मी कॉम्प्युटर बंद केला, लिबीला फोन केला आणि सांगितलं, "गेलं पोरी."

ती म्हणाली, "असू दे बाबा. शाळेत खेळ शिकवीन." आवाज बारीक झाला होता. माझा डावा कान निवडक ऐकतो, आणि नेमकं तेवढं ऐकलं.

आज बैठकीचा वृत्तांत टपालाने आला. मतं दोन-दोन. मग तडजोड म्हणून मशीन फक्त अपिलापुरतं आणायचं ठरलं, एका सामन्यात प्रत्येक संघाला दोन अपिलं. प्लेटमागे माणूस राहणार. आणि तू हात वर केला होतास तो म्हणे टोपीखाली खाजवायला! एकतीस वर्षं लोकांना हाताने निर्णय दिले आणि समोरचा हात मला वाचता आला नाही. लिबीला सांगितलं तर म्हणाली, "मशीन आणायला हरकत नव्हती बाबा, फक्त तुमच्या जागी."

माझी एकोणिसावी सूचना तीन विरुद्ध एक अशी पडली. शेरा मारलाय: "शिष्टाचाराचा नियम करता येत नाही." ते एक मत कुणाचं ते विचारत नाही. या बाबतीत आभार मानायची रीत नाही, म्हणून मानत नाही.

वर्लिन


प्वेब्लो
२४ जून २०२४

प्रिय वर्लिन,

सोळा तारखेला, रविवारी, आम्ही नॉर्थ प्लॅटला खेळलो. प्लेटमागे लिबी होती. तिने तुला मैदानबंदी केली आहे असं कळलं, कारण तू प्रेक्षकांत बसून हात वर करतोस. म्हणून तू नव्हतास, म्हणून सांगतो.

नववा डाव, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले. दोन आउट, तीन बॉल, दोन स्ट्राइक. माझ्या तोंडून हे तुला खरं वाटणार नाही, पण स्कोअर ओडेलने लिहिलाय, तो माझ्यासारखा नाही. बॉल टाकत होता आमचा सगळ्यात भरवशाचा पिचर, ओमार.

फाउल बॅटला चाटून लिबीच्या मास्कवर बसला. आवाज आमच्या बाकापर्यंत आला. ती पडली नाही. एक पाऊल मागे गेली, परत जागेवर आली, वाकली, तयार. पण तिचे गुडघे मला दिसले. त्या रविवारी मी तुझ्याकडे पाठ करून बसलो होतो, फक्त बूट ऐकले होते.

कॅचर ब्रॅडी बसलेलाच. घड्याळ चालू. चौदा. तेरा. मी ओरडलो, "ऊठ रे, ऊठ!" त्याला वाटलं, मी बॉल उंच मागतोय. त्याने ग्लोव्ह वर केला.

आधीच्या बॅटरच्या वेळी मी एकदा माउंडवर जाऊन आलो होतो. एकाच डावात मॅनेजर त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला तर पिचर काढावाच लागतो. हे तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. आणि बदली पिचर म्हणून मागे उरला होता तो तीन दिवस खांदा धरून बसलेला पोरगा.

मी हात वर करून खेळ थांबवला आणि निघालो. मुद्दाम हळू चालायची गरज नव्हती, माझा गुडघा तुला माहीत आहे.

ओमार म्हणाला, "स्किपर, काय झालं?"

"काही नाही. आई कशी आहे?"

"बरी आहे. स्किपर, तुम्ही दुसऱ्यांदा आलात!"

"अरे हो की. बाबा कसे आहेत?"

ब्रॅडी धावत आला. "स्किपर, आता याला काढावं लागेल. तुम्हाला नियम माहीत नाही का?"

"मी नियम समितीवर आहे," म्हटलं.

नॉर्थ प्लॅटचे लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. आमच्याच बाकावरून कुणीतरी मला आंधळा म्हणालं. फार लागलं रे. तू एकतीस वर्षं कसं सोसलंस?

नवा पिचर आला, त्याने सरावाचे आठ बॉल टाकले. चार मिनिटं गेली. लिबी तेवढा वेळ प्लेटकडे पाठ करून उभी होती. मग वळली, ब्रश काढला आणि प्लेट पुसली. पाचही कडा, सावकाश. प्लेट स्वच्छच होती.

पहिलाच बॉल. ब्रॅडीने बाहेर पकडला आणि सुरेख आत ओढला, मीच शिकवलंय त्याला. लिबीचा हात उठला नाही. चौथा बॉल, सामना गेला. ब्रॅडीने टोपीवर हात आपटून अपील केलं. मशीनने पडद्यावर दाखवलं: पंजाभर बाहेर.

तिने पाहिला, वर्लिन. तिने तो नीट पाहिला.

आज लीगची ताकीद आली, सोबत अंपायरच्या अहवालाची प्रत. तुझ्या पोरीचं अक्षर सुंदर आहे. "नवव्या डावात प्वेब्लोचे मॅनेजर विनाकारण माउंडवर गेले व खेळ लांबवला." विनाकारण या शब्दाखाली तिने रेघ मारलीय, ती दोनदा. तिला कळलंय असं मला वाटतं. तुझ्याकडे विषय काढला तर तू बहिरा हो.

आणखी एक. परवा सगळ्या पोरांना गोळा करून १९८६ ची गोष्ट सांगितली, बॉल बाहेर होता इथपासून. अंपायरला लागलं की कॅचरने काय करायचं, तेही सांगितलं. ब्रॅडी म्हणाला, "म्हणजे स्किपर, मी उठायला हवं होतं." म्हटलं, "हो. आणि तुझ्या आधी मी."

ऑरोराची पहिली चौकट मापाची निघाली. अहवाल तिच्यात घालून खिळ्याला लावलाय आणि आल्यागेल्याला वाचून दाखवतो. मॅनेजर विनाकारण माउंडवर गेले. जवळजवळ अडतीस वर्षं उशिरा, पण गेले.

तुझा,
एलिसेओ